न पाहिलेल्या गावी 'परतलेले' लोक

9 सप्टेंबर 1944 रोजी लुब्लिनमध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट समितीने सोव्हिएत युक्रेन आणि बेलारूसशी करार केले. लिथुआनियाशी तसाच करार 22 सप्टेंबरला झाला. तिकडच्या पोल लोकांनी इकडे यायचं, इकडच्या युक्रेनी, बेलारूसी, लिथुआनियन लोकांनी तिकडे जायचं. दर कुटुंबाला दोन टनांपर्यंत सामान नेता येईल, शिवाय गुरं आणि कोंबड्या. कुणावर प्रत्यक्ष किंवा आडून जबरदस्ती करायची नाही, असंही कलम होतं.

या कलमाला कागदाबाहेर फारसं आयुष्य लाभलं नाही. वोल्हिनियात 1943 साली युक्रेनी बंडखोर सेनेने पोल गावांत कत्तली केल्या होत्या आणि वाचलेले लोक जीव मुठीत धरून आधीच पळाले होते. ल्वूफ (आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह) इथले पोल मात्र हलेनात. बड्या राष्ट्रांच्या बैठकीत शहर आपल्याकडेच राहील, अशी त्यांना आशा होती. जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी तिथे धरपकड सुरू केली, पुढच्याच महिन्यात याल्टा परिषदेने सीमा नक्की केली आणि आशा संपली. 1946 अखेरपर्यंत मालगाडीच्या डब्यांतून सुमारे 11 ते 12 लाख माणसं पश्चिमेकडे आली.

याला म्हणायचं काय? करारात शब्द होता 'इव्हॅक्युएशन'. वॉर्साच्या सरकारने त्याहून गोड शब्द निवडला, 'रेपात्रियात्स्या', म्हणजे मायदेशी परतणं. त्यासाठी ऑक्टोबर 1944 पासून खास सरकारी कार्यालयही होतं. पण ल्वूफच्या ज्या शिंप्याला व्रोत्सवाफमध्ये उतरवलं, त्याच्या सात पिढ्यांत कुणी ते शहर पाहिलेलं नव्हतं. मे 1945 पर्यंत ते जर्मनांचं ब्रेस्लाउ होतं. सरकार त्याला 'परत मिळवलेला प्रदेश' म्हणत असे, त्यामुळे प्रदेशही परतलेला आणि माणसंही परतलेली, असा सगळा हिशेब जुळत होता.

माणसांपाठोपाठ ल्वूफहून वस्तूही आल्या. ओसोलिनेउम ग्रंथालयाचा काही संग्रह आला, नाटककार फ्रेद्रोचा पुतळा आला. 1946 मध्ये रात्स्वावित्सेच्या लढाईचं 114 मीटर लांबीचं गोलाकार चित्र गुंडाळून आणलं गेलं. चित्रात 1794 साली पोल शेतकरी कोयते घेऊन रशियन तोफांवर धावून जातात. मॉस्कोच्या मर्जीतल्या सरकारला ते भिंतीवर कसं परवडावं? ते लोकांसमोर आलं थेट 1985 मध्ये.

1989 नंतर अनेक पोलिश इतिहासकारांनी 'एक्सपात्रियात्स्या', म्हणजे मायदेशातून बाहेर काढणं, हा शब्द धरला. काहींना सरळ 'हद्दपारी' हवी होती. माझं मत त्यांच्या बाजूचं नाही. हद्दपारी झाली ती 1940–41 मध्ये, सायबेरिया आणि कझाकस्तानकडे, बंदुकीच्या धाकात. ते लोक वेगळे. त्यांच्यातलेच काही इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोहोचले. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत सुमारे 5,000 पोल राहिले. युद्ध संपल्यावर त्यांच्यापुढे 'घरी जा' असा पर्याय आला तेव्हा बहुतेकांचं घर सोव्हिएत संघात गेलेलं होतं. त्याच छावणीत पुढे फाळणीतले सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं.

लिथुआनियाचं उदाहरण तर दोन्ही बाजूंची पंचाईत करतं. तिथे खेड्यातल्या पोल शेतकऱ्यांना अधिकारीच अडवत होते. नाव नोंदवूनही असंख्य लोक मागे राहिले. निघायला बंदी असलेल्यांना 'हाकललेले' कसं म्हणणार? 1955 ते 1959 मध्ये आलेल्या सुमारे अडीच लाखांत तुरुंग आणि श्रमछावण्यांतून सुटलेले लोक होते. त्यांना 'रेपात्रियात्स्या' हाच शब्द शोभतो. म्हणून 1944–46 पुरतं मी 'सक्तीचं स्थलांतर' लिहितो. शब्द रूक्ष आहे खरा, पण करारातल्या त्या कलमाचं ढोंग त्यात उरत नाही.

वादाला धार आली ती जर्मनांमुळे. पोलंडला मिळालेल्या पश्चिमेकडच्या भागातून जर्मनांना हाकललं गेलं त्याला ते 'हकालपट्टी' म्हणत. पोलंडमध्ये मात्र 'हलवणं' किंवा पोट्सडॅम परिषदेच्या भाषेत 'ट्रान्सफर' म्हणायची रीत होती. 2000 पासून बर्लिनमध्ये हकालपट्टीविरोधी केंद्र काढण्याच्या प्रस्तावावरून दोन्ही देशांत बरीच शाब्दिक चकमक झाली.

दरम्यान बग नदीपलीकडे, म्हणजे नव्या पूर्व सीमेपलीकडे, घरदार सोडून आलेल्यांची भरपाई रखडलीच होती. 2004 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयासमोर असं प्रकरण आलं, ज्यात ल्वूफच्या घराच्या बदल्यात कुटुंबाला मूळ किमतीच्या जेमतेम 2 टक्के मिळाले होते. पोलंड हरला. असे दावेदार सुमारे 80,000 होते. 2005 च्या कायद्याने भरपाई 20 टक्क्यांवर नेली. त्याच्या पहिल्याच कलमात, युद्धामुळे प्रदेश सोडून आलेल्यांच्या बरोबरीने, एक कारण लिहिलं आहे: 'विपेन्द्झेनिए', हकालपट्टी. जर्मनांनी वापरला की पोलंडमध्ये भुवया उंचावत, तोच हा शब्द.