राखीव गोलरक्षक

आमच्या मानखुर्दच्या कट्ट्यावर परवा क्रिकेट सोडून चक्क हॉकीवरून वाद पेटला! विषय, आपल्या मुंबईचा सूरज करकेरा. १९९५चा जन्म, तिशी ओलांडली, अजून राखीवच. मग जागा तरुणाला का देऊ नये? मला काही हे पटेना. २०१७ला ढाक्यात आणि २०२५ला राजगीरला आशिया कप जिंकणाऱ्या दोन्ही संघांत तो होता. पण आधी श्रीजेश, मग पाठक! आघाडीवाले सामन्यात दहादा आतबाहेर करतात, गोलात मात्र एकालाच जागा. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकला १६ जणांत गोलरक्षक एकच, श्रीजेश, पाठकसुद्धा बाहेर. अशा माणसाला कधीमधी उभं करायचं आणि एक चेंडू सुटला की "संपला" म्हणायचं... तरुण आणा हो, जरूर आणा. पण त्यालाही बाकावरच बसवणार ना?