टणटण वाजणारा खिळा

पुण्याहून नाशिकच्या एस.टी.त कधी बसला आहात का? भोसरी मागे पडते, मोशी येते, मग इंद्रायणीचा पूल. पूल ओलांडून चिंबळी फाटा गेला की कुरुळी. पण खिडकीतून पाहणाऱ्याला गाव दिसतच नाही! दिसतात कंपन्यांची फाटकं, कंटेनरच्या रांगा आणि पाळी संपवून घरी निघालेली माणसं. इथून पुढे चाकणपर्यंत मोटारी, मोटारींचे सुटे भाग, हाच सारा कारभार. अशा ठिकाणी मी तुम्हाला घोडी दाखवायला नेणार आहे म्हटलं, तर तुम्ही हसाल. हसा खुशाल, पण चला.

हमरस्ता सोडून आत वळलं, की कांद्याची वावरं लागतात, गोठे लागतात. खेड, आंबेगाव, जुन्नर हा सगळा मुलूख बैलगाड्यांच्या शर्यतींचा. इथे त्या शर्यतीच्या धावपट्टीला 'घाट' म्हणतात आणि एका गाड्याच्या धावेला 'बारी'. बैलांच्या पुढे स्वारासह एक घोडी धावते, तिच्यामागे बैल उधळतात. दहा-पंधरा सेकंदांत बारी खलास! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या. शर्यती असाव्यात की नसाव्यात, यावर मोठी माणसं आजही भांडतात. मला सांगायचं आहे ते घोडीच्या पायाबद्दल.

मी गेलो तेव्हा चैत्र होता आणि यात्रा आठ दिवसांवर आली होती. अंगणात बदामी रंगाची घोडी उभी होती. मालकांनी तिला दुडक्या चालीने थोडं पळवून दाखवलं. पुढचा डावा पाय टेकला, की ती मान झटक्याने वर घ्यायची. हे लक्षात ठेवा हं! पुढचा पाय दुखत असला, की घोडा त्या पायावर भार पडताना डोकं वर उचलतो. त्याला बोलता येत नाही, पण मान बोलते.

तेवढ्यात मोटारसायकलवरून नालबंद चाचा आले. पाठीवर पोतं, त्यात हातोडा, पक्कड, सुरी आणि हातभर लांब कानस. मी उत्साहाने घोडीच्या मागून पुढे निघालो, तर ओरडले, "मागनं नका जाऊ साहेब! पुढनं या. आधी तिला दिसू द्या."

त्यांनी घोडीच्या खांद्यावरून हात फिरवत खाली आणला आणि पाय अलगद उचलून आपल्या दोन गुडघ्यांत धरला. बैलाला पत्री मारताना दोराने खाली पाडतात, तुम्ही बाजारात पाहिलं असेल. घोड्याला उभ्यानेच नाल मारतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. घोड्याचा खूर एकसंध, म्हणून एकच नाल.

आता एक गंमत करा. तुमचा पंजा टेबलावर उभा धरा आणि सगळा भार फक्त मधल्या बोटाच्या नखावर द्या. जमतंय? घोडा जन्मभर असाच उभा असतो! त्याचा खूर म्हणजे मधल्या बोटाचं नखच. आपल्या नखासारखाच तो वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढायचा, वाढलेला खूर कापून सारखा करायचा आणि पुन्हा नाल ठोकायचा. नख कापताना दुखत नाही, तसं बाहेरच्या कवचात खिळा गेला तर घोड्याला काही कळत नाही. पण त्या कवचाच्या आत जिवंत मांस आहे, रक्त आहे. मधलं अंतर? काही मिलिमीटर.

म्हणून नालेचा खिळा साधा नसतो. त्याचं टोक एका बाजूने तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे ठोकताना तो बाहेरच्या बाजूला वळतो आणि खुराच्या भिंतीतून पाऊण इंचावर बाहेर येतो. खिळा उलट्या तोंडाने धरला, की तो आत वळलाच म्हणून समजा. टाचेकडे तर खिळे मारतच नाहीत, कारण भार पडला की टाच किंचित पसरते. तिला जखडून कसं चालेल?

चाचांनी नालेवर हातोडीने हलकेच टकटक केलं. एक खिळा, दुसरा, तिसरा... आतल्या बाजूच्या खिळ्याला हातोडी लागताच घोडीने पाय हिसकला. चाचा मालकांकडे पाहून म्हणाले, "दादा, हा खिळा जवळनं गेलाय. कोणी मारला?"

यात्रेची घाई, चाचा बाहेरगावी, म्हणून दुसऱ्याच कुणाकडून नाल मारून घेतला होता. चाचांनी तो खिळा हळूच उपसला. टोक ओलं होतं आणि काळपट. अंगणात एकदम शांतता पसरली.

मालकांचा थोरला मुलगा जवळच्याच कारखान्यात कामाला आहे. त्याने विचारलं, "चाचा, आमच्याकडं एक केस चुकला तर माल परत येतो. तुम्ही मापता कशानं?"

"कानानं," चाचा म्हणाले. "कडक कवचातनं खिळा चालला, की हातोडा टणटण वाजतो. आत शिरला, की आवाज बसतो, ठप्प! आन् खिळा लोण्यात गेल्यागत जातो. तिथंच थांबायचं, काढायचा. ज्यानं मारला त्याला ऐकू आलं नसंल असं नाही. तो थांबला नाही."

मला वाटतं, सगळी विद्या या थांबण्यातच होती.

ही विद्या या मुलखाला नवी नाही. भीमेच्या काठची भीमथडी तट्टं मराठ्यांच्या फौजांतून नावाजलेली. शेजारच्या चाकणचा किल्ला १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाविरुद्ध ५६ दिवस झुंजवला, त्या काळात पागेत नालबंद नसता तर फौज हललीच नसती. मराठेशाहीत शिलेदाराला मोहिमेआधी आगाऊ रक्कम द्यायचे, तिचं नावच मुळी 'नालबंदी'! आज लष्कराचे नालबंद मेरठला रीतसर शिकतात. पुण्याच्या रेसकोर्सवरच्या घोड्यांना ॲल्युमिनियमचे हलके नाल मारणारे कसबी लोकही आहेत. इंग्लंडात तर १९७५ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला घोड्याला नाल मारायची परवानगीच नाही. कुरुळीच्या अंगणात मात्र चाचा आपल्या वडिलांकडून शिकले आणि त्यांच्याकडून शिकायला अजून कुणी आलेलं नाही. त्यांचे दोन्ही मुलगे कंपनीत आहेत. पगार महिन्याच्या महिन्याला येतो, त्यांना तरी काय म्हणणार?

चाचांनी नाल काढून टाकला. भोक औषधाने धुतलं, पाय कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला, मग पट्टी बांधली. "डॉक्टरांना आत्ताच बोलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन पायजे. घोड्याला तो लई लवकर धरतो."

"आणि यात्रा?" मालकांनी विचारलंच.

"ह्या यात्रेला नाय."

"चाचा, आठ दिवस आहेत की अजून."

"दादा, घाटात ती दुखऱ्या पायानं बी पळंल. मागं बैल असल्यावर ती काय करणार? पळंलच. म्हणून तर आपण नाय म्हणायचं."

मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, दुसऱ्या नालबंदाला बोलावतात की काय! पण त्यांनी आधी डॉक्टरांना फोन लावला आणि मग गाड्याच्या मालकांना. "आमची घोडी धरू नका ह्या वक्ताला," एवढंच म्हणाले.

मी निघालो तेव्हा चाचा घोडीचा दुसरा पाय गुडघ्यांत धरून त्यातले खिळे एकेक वाजवून पाहत होते. टण, टण, टण. रस्त्यावरच्या कंटेनरच्या आवाजात ते त्यांना कसं ऐकू येत होतं, कोण जाणे.