रविवारी भरणारं गाव

एक काम करा. शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घ्या आणि एक खडू घ्या. जमिनीवर आठ फूट लांब, सात फूट रुंद असा चौकोन आखा. आई ओरडली तर माझं नाव सांगा. आता त्या चौकोनात एक पलंग मांडा. पलंगाखाली बॅगा सरकवा. कोपऱ्यात विजेची शेगडी, तिच्या शेजारी भांडी घासायचं छोटं बेसिन, आणि उरलेल्या जागेत एक दार लावून संडास. आंघोळही तिथंच. खिडकी एकच, तीसुद्धा समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे उघडणारी. झाली खोली! हाँगकाँगमध्ये माझी भाची अशा खोलीत राहते.

२०२४च्या नोव्हेंबरात मी तिला भेटायला गेलो. आत शिरून बॅग खाली ठेवली, तर ती म्हणाली, "मामा, बॅग पलंगावर ठेव. नाहीतर दार लागत नाही." भाडं किती, तर महिन्याला साडेपाच हजार हाँगकाँग डॉलर. त्या वेळच्या हिशेबानं जवळजवळ साठ हजार रुपये! ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून मी दोनदा विचारलं. चूक झाली नव्हती.

एका जुन्या फ्लॅटला पार्टिशनं घालून त्याच्या पाच खोल्या केलेल्या, आणि प्रत्येकीत वेगळं बिऱ्हाड. शेजारच्या खोलीत आजोबा खोकले की भाचीची झोपमोड. २०२१च्या जनगणनेत अशा तुकडे पाडलेल्या घरांत दोन लाखांहून जास्त माणसं राहत असल्याचं आढळलं होतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एका शहरात, बरं का!

तुम्ही म्हणाल, जागाच नसेल तिथं. तसंही नाही. हाँगकाँग आकारानं मुंबईपेक्षा मोठं आहे आणि लोकवस्ती सुमारे ७५ लाख, म्हणजे मुंबईपेक्षा बरीच कमी. पण जवळजवळ सगळीकडे डोंगर. एकूण जमिनीपैकी साधारण चौथ्या हिश्श्यावरच बांधकाम आहे, बाकी हिरवेगार डोंगर आणि राखीव उद्यानं. त्यात गंमत अशी, की सगळी जमीन सरकारच्या मालकीची. (अपवाद फक्त एका जुन्या चर्चच्या जागेचा.) बिल्डर ती भाडेपट्ट्यानं घेतात आणि त्यासाठी प्रचंड रकमा मोजतात. त्या रकमा शेवटी कुणाच्या खिशातून जातात, ते वेगळं सांगायला नको. १९५३ सालच्या नाताळच्या रात्री शेक किप मेई नावाच्या झोपडवस्तीला आग लागली आणि पन्नास हजारांहून जास्त माणसं उघड्यावर आली. त्यानंतर सरकारनं मोठ्या प्रमाणावर घरं बांधायला घेतली. आता तिथले जवळजवळ तीस टक्के लोक सरकारच्या भाड्याच्या घरांत राहतात. पण त्यांचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. माझ्या भाचीसारख्या परदेशातून आलेल्या मुलीला त्या रांगेत उभंही राहता येत नाही.

मग ती तिथं करते काय? तर तिनं तिथल्या विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली आणि आता ती नोकरी शोधत होती. असं शिक्षण पूर्ण करणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना हाँगकाँग सरकार दोन वर्षं राहू देतं. त्या मुदतीत काम शोधायचं. तिनं भिंतीवर कॅलेंडर लावलं होतं आणि रोज रात्री एक चौकट खोडत होती. चार महिने खोडून झाले होते. एकेचाळीस अर्ज, सहा मुलाखती. दिवसा शिकवण्या करून भाडं भागवायचं आणि रात्री अर्ज लिहायचे. "दोन वर्षं म्हणजे काहीच नाही रे मामा," ती म्हणाली. मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवसापर्यंत.

दुसरा दिवस रविवार होता. माझं लॉज कौलूनच्या बाजूला होतं. (त्या खोलीला खिडकीच नव्हती. जास्त काही सांगत नाही.) तिथून हाँगकाँग बेटावर जायला आम्ही स्टार फेरीची बोट धरली. हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या या दुमजली बोटी जेमतेम दहा मिनिटांत खाडी ओलांडतात आणि तिकीटही अगदी स्वस्त. बोट वळत नाही. ती जशी येते तशीच उलटी जाते. म्हणून बाकांच्या पाठी सरकत्या आहेत. पाठ या बाजूची त्या बाजूला ढकलायची आणि जायच्या दिशेला तोंड करून बसायचं. मी ती चार वेळा उगीचच ढकलून पाहिली.

आणि ऐका, या फेरीची सुरुवात कुणी केली? आपल्या मुंबईच्या एका पारशी माणसानं! दोराबजी नवरोजी मिठाईवाला. १८५२ साली चीनकडे निघालेल्या जहाजात तो लपून बसला, असं सांगतात. खिशात पैसे नव्हते. पुढे हाँगकाँगात त्यानं स्वयंपाक्याचं काम केलं, पावाची भट्टी काढली, मग बोटी घेतल्या. १८८८ साली त्यानं कौलून फेरी कंपनी काढली आणि दहा वर्षांनी तिचंच नाव स्टार फेरी झालं. तू इथं किती दिवस राहणार, असं त्याला बहुधा कुणी विचारलंच नसेल.

बोटीतून उतरलो आणि सेंट्रल नावाच्या भागात आलो. इथं मोठमोठ्या बँका आहेत. एका बँकेच्या दाराशी काशाचे दोन सिंह बसलेत, एक डरकाळी फोडणारा आणि एक शांत. दोघांना नावंसुद्धा आहेत, स्टीफन आणि स्टिट! ही इमारत १९८५ साली पुरी झाली. तिचा तळमजला चारी बाजूंनी मोकळा आहे, आपल्याकडे इमारतीखाली पार्किंगची जागा असते तसा. पण त्या दिवशी ती जागा मोकळी नव्हती.

तिथं एक गावच्या गाव बसलं होतं. हजारो बायका. पुठ्ठे अंथरलेले, चपला ओळीनं काढून ठेवलेल्या. पुठ्ठ्यांच्याच कमरेइतक्या भिंती करून घरं मांडलेली. कुणी पत्ते खेळतंय, कुणी मैत्रिणीचे केस कापतंय, कुणी नाचाची तालीम करतंय, कुणी फोन समोर धरून स्क्रीनवरच्या चिमुकल्या चेहऱ्याशी बोलतंय. शेजारचा चेटर रोड रविवारी गाड्यांना बंद असतो, तोही भरलेला. डब्यांतल्या भाताचा आणि तळणाचा वास सगळीकडे. इतका किलबिलाट, की मला आमच्या गावची जत्रा आठवली.

या बायका फिलिपाइन्सच्या. हाँगकाँगच्या घराघरांत स्वयंपाक करणं, मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणं ही कामं त्या करतात. अशा परदेशी कामगारांची संख्या साडेतीन लाखांच्या आसपास आहे. निम्म्याहून जास्त फिलिपाइन्समधल्या, बाकीच्या बहुतेक इंडोनेशियाच्या. इंडोनेशियाच्या बायका थोड्या अंतरावरच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये जमतात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायलाच हवी, असा कायदा आहे आणि बहुतेकींना ती रविवारी मिळते.

सुट्टी आहे तर घरी का नाही बसत? मीही हेच विचारलं. भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, कुठल्या घरी?"

२०२४ साली त्यांच्या नव्या करारांसाठी किमान पगार ठरला होता महिन्याला ४,९९० डॉलर. आता भाचीच्या खोलीचं भाडं आठवा. अख्खा पगार दिला तरी ती आठ बाय सातची खोली मिळत नाही! आणि परवडली तरी घेता येत नाही. मालकाच्याच घरात राहायचं, असा नियम २००३ सालापासून सक्तीचा आहे. घरं तर तिथली आधीच लहान. म्हणून कुणी मुलांच्या खोलीत झोपतं, कुणी बैठकीत, कुणी स्वयंपाकघरातसुद्धा. सुट्टीच्या दिवशीही मालकाच्या घरात बसलं, तर काम समोर दिसतं आणि हात आपोआप भांड्यांकडे जातो.

भाचीची तिथं एक ओळख होती. एकदा पावसात दोघी एकाच छपराखाली अडकल्या, तेव्हाची. तिला ती 'आते' म्हणते. मी चपापलो. पण फिलिपाइन्सच्या भाषेत 'आते' म्हणजे मोठी बहीण. आपल्याकडे बाबांची बहीण, त्यांच्याकडे आपली स्वतःची. आतेनं सरकून आम्हाला पुठ्ठ्यावर जागा दिली आणि हातात एकेक गरम लुंपिया ठेवला. लुंपिया म्हणजे आतून सारण भरलेली कुरकुरीत वळकटी.

आते गावाकडे शाळेत शिकवत होत्या. पगार पुरेना, म्हणून अकरा वर्षांपूर्वी इथं आल्या. तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता, आता चौदाचा. तो आजीकडे असतो. आते इथं दुसऱ्यांची दोन मुलं सांभाळतात. त्यांचे डबे, त्यांचा अभ्यास, त्यांचा ताप. स्वतःच्या मुलाचा अभ्यास रात्री फोनवर. "अपूर्णांक फोनवर शिकवणं सर्वांत कठीण," त्या हसत म्हणाल्या. झोपायला मुलांच्या खोलीत खालचा पलंग. आणि कपाटातले दोन खण स्वतःचे.

हे ऐकताना मला माझ्या आजोबांची आठवण झाली. ते मालवणकडून लालबागला गिरणीत कामाला आले होते. गावच्या मंडळींनी मिळून एक गाळा घेतलेला, आणि त्यात पाळीपाळीनं झोपायचं. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्यानं वळकटी उचलायची. जेवण खानावळीत. आजोबांचीही भिंतीवरची एक खुंटी तेवढी स्वतःची होती. पण ते गणपतीला घरी यायचे. आते दोन वर्षांतून एकदा, करार संपला की.

भाचीनं तिच्या नोकरीची रडकथा सांगितली. आतेंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला किती दिवस दिलेत?"

"दोन वर्षं. त्यातले चार महिने गेले."

"दोन वर्षं!" आतेंनी शेजारणीला कोपरखळी मारली आणि तिलाही त्यांच्या भाषेत ते सांगितलं. दोघी हसल्या. मग आते म्हणाल्या, "मला चौदा दिवस मिळाले होते."

झालं असं होतं. २०१८ साली त्यांचं आधीचं घर दुसऱ्या देशात राहायला गेलं आणि करार मुदतीआधीच संपला. करार संपला की दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडायचं, असा नियम १९८७ पासून आहे. सरकारचं म्हणणं, नाहीतर लोक सतत नोकऱ्या बदलतील किंवा चोरून दुसरी कामं करतील. चौदा दिवसांत नवं घर शोधून कागदपत्रं कशी होणार? आते गावी परतल्या. नव्या कामासाठी पुन्हा कर्ज, पुन्हा फॉर्म, पुन्हा वैद्यकीय तपासणी. पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मुलगा मात्र रोज समोर होता. "ते पाच महिने वाईट होते की चांगले, मला अजून कळत नाही," त्या म्हणाल्या.

आणखी एक. इतर परदेशी माणसं सलग सात वर्षं राहिली, की त्यांना कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो. भाचीलाही येईल. घरकामाच्या बायकांना येत नाही, मग त्या वीस वर्षं राहिलेल्या असोत. त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली गेली होती. मार्च २०१३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. मी काही वकील नाही. पण ज्या हातांवर शहरातली मुलं वाढतात, त्या हातांना हा हिशेब मला काही पटला नाही.

भाची गप्प झाली होती. लुंपिया हातात तसाच. आते म्हणाल्या, "खा, खा. मुलाखतीला कधी उपाशी जायचं नाही."

दुपारी आतेंनी खोका भरायला घेतला. या खोक्याला त्या 'बालिकबायान' म्हणतात. बालिक म्हणजे परतणं, बायान म्हणजे आपला गाव, आपला देश. साबण, चॉकलेटं, टूथपेस्ट, डबाबंद मांस, आजीसाठी स्वेटर. हा खोका जहाजानं काही आठवड्यांनी घरी पोचतो. सर्वांत वर बुटांची जोडी. आतेंनी पर्समधून मोजपट्टी काढली आणि बुटाच्या आतली लांबी मोजली. मुलानं फोनवर पावलाचं माप कळवलं होतं, साडेचोवीस सेंटिमीटर. "पण खोका पोचेपर्यंत पाऊल थांबतं का?" म्हणून त्यांनी एक सेंटिमीटर मोठा बूट घेतला होता. पुन्हा मोजला. मग बुटांच्या आत मोजे कोंबले, कारण खोक्यात रिकामी जागा ठेवायची नसते.

संध्याकाळ झाली तसं गाव उठायला लागलं. भिंती दुमडल्या, पुठ्ठे बांधले, कचरा पिशव्यांत भरला. आतेंना नऊच्या आत घरी पोचायचं होतं. रस्ता इतका स्वच्छ झाला, की इथं दिवसभर हजारो माणसं जेवली-खेळली, असं सांगूनही कुणाला पटलं नसतं. आम्ही परतीच्या बोटीत बसलो. भाचीनं बाकाची पाठ ढकलली आणि मागच्या बाजूला तोंड करून बसली, बेटाकडे बघत.

मार्चमध्ये तिला नोकरी लागली. खोली अजून तीच आहे. एका रविवारी ती पेढ्यांचा पुडा घेऊन मुद्दाम बँकेखाली गेली आणि आतेंना विचारलं, बूट बसले का?

बसले, आते म्हणाल्या. पण मोजे न घालता.