आधी हात, मग चेहरा

चित्रकाराच्या आत्मचित्रावर कविता लिहायची, तर मी आधी हात शोधतो. चेहऱ्याला कवी फार लवकर भुलतो. डोळ्यांत वेदना दिसली, कपाळावर काळ दिसला, की झाली कविता! तिच्यात चित्र उरत नाही, कवीची हळहळ तेवढी उरते.

इटालियन चित्रकार पार्मिजानीनोने १५२४च्या सुमारास, ऐन एकविशीत, फुगीर आरशात पाहून स्वतःला रंगवलं. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा व्हासारी लिहितो, त्याने कातारीकडून लाकडी गोळा करवून घेतला आणि तो मधोमध कापून त्या अर्ध्या भागावर चित्र काढलं. व्यास जेमतेम २४ सेंटीमीटर. आरशाजवळचा हात चेहऱ्याहून मोठा झालाय, मागची खिडकी वाकलीय. चेहरा मात्र मधोमध, जराही न बिघडलेला. अमेरिकन कवी जॉन अ‍ॅशबेरीची या चित्रावरची दीर्घ कविता हातापासूनच सुरू होते. ज्या संग्रहाला तिचं नाव आहे, त्याला १९७६चं पुलित्झर मिळालं. मला ती प्रिय आहे ती तिच्या भटकण्यामुळे. तिचं लक्ष चित्रावरून उडतं, परत येतं, पुन्हा उडतं. बघणं असंच तर असतं.

लंडनच्या केनवुड हाउसमध्ये रेम्ब्रांटचं उतारवयातलं आत्मचित्र आहे. चेहऱ्यावर रंगाचे थर चढवलेत, पण पॅलेट धरलेला हात चार फराट्यांत उरकलाय. क्ष-किरणांखाली कळलं, की हात आधी आरशात दिसतात तसे, उलट बाजूंना होते. मग त्याने ते बदलले. चित्र काढणारा हात कधी स्थिर नसतोच. त्याच्याकडे बघायचं, तर काम थांबवावं लागतं.

आरशासमोर उभं राहून आधी एका डोळ्याकडे पाहा, मग दुसऱ्याकडे. बुबुळं हललेली तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतील. आत्मचित्रातली ती खिळलेली नजर आपण स्वभाव म्हणून वाचतो. बरेचदा ती नुसती आरशाची अट असते. म्हणून ‘तो रोखून पाहतो’ अशी ओळ आली, की मी ती खोडतो. ओळ तोडतो ती नजर आरशावरून कॅनव्हासकडे वळते तिथे. तेवढा क्षण चेहरा कुठेच नसतो, फक्त आठवणीत असतो. कवितेला जागा आहे ती तिथेच.

स्वतःवरची कविता मी छापायला देण्याआधी बायकोला वाचून दाखवतो. “इथे तू उगाच शांत झालायस,” असं ती एखाद्या ओळीवर बोट ठेवून सांगते. ती ओळ मी कितीदा तरी वाचलेली असते.