हेरातला जाणारी बस

जुनं गाईडबुक कादंबरीसारखं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचता येतं, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही? प्रवासवर्णनं आपण मराठी माणसं आवडीने वाचतो. मीना प्रभूंच्या ‘तुर्कनामा’ची आणि ‘गाथा इराणी’ची मी पारायणं केली आहेत. पण मुक्काम कुठे करावा, पाणी कुठलं प्यावं, स्टेशनाच्या कुठल्या दाराने बाहेर पडावं हे सांगणाऱ्या पुस्तकाला वाङ्मयात कुणी धरत नाही. प्रवास संपला की ते रद्दीत जातं. आणि रद्दीतून ते माझ्यापर्यंत आलं!

पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपं, नळ आणि पितळी बिजागऱ्यांच्या ढिगाशेजारी मला लोनली प्लॅनेटचं भारताचं गाईडबुक मिळालं. साल १९८१, म्हणजे पहिली आवृत्ती. बांधणी उसवलेली, पानं कडेने तपकिरी झालेली, आणि समासात कुणा अनोळखी प्रवाशाच्या पेन्सिलीच्या खुणा. एका लॉजच्या नावावर काट मारलेली आणि शेजारी ढेकणाचं छोटंसं चित्र. एका रेल्वेगाडीच्या पुढे तीन उद्गारचिन्हं. का बरं? गाडीत असं काय घडलं असेल? मी तिथेच एका कट्ट्यावर बसून मुंबईचं प्रकरण वाचून काढलं. तेव्हापासून माझ्या उशाशी दुसरं पुस्तक नाही.

काय सांगू, काय काय असतं या पुस्तकांत! परदेशी प्रवाशाला घरून आलेलं पत्र कसं मिळायचं, तेच बघा. पाठवणाऱ्याने पाकिटावर नाव आणि खाली ‘पोस्ट रेस्टांट, जीपीओ, बॉम्बे’ एवढंच लिहायचं. पोस्टात ती पत्रं अक्षरवार लावून ठेवायची. म्हणून त्या काळची गाईडबुकं बजावतात, की आडनाव ठळक अक्षरांत लिहायला सांगा, त्याखाली रेघ ओढायला सांगा, आणि तरीही पत्र सापडलं नाही तर स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा गठ्ठाही चाळून बघा. मुंबईचं जीपीओ डोळ्यांपुढे आणा, विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा तो १९१३ सालचा भव्य घुमट. त्याच्याखाली महिनोन्‌महिने घराबाहेर असलेली वीस-बावीस वर्षांची मुलं आईचं पत्र शोधत गठ्ठे उलटताहेत. एका सूचनेत केवढी गोष्ट आहे ही!

मग गोव्याची बोट. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, रात्र बोटीवर काढायची आणि दुसऱ्या दिवशी पणजीला उतरायचं. डेकचं तिकीट सगळ्यांत स्वस्त. पावसाळ्यात बोट बंद. हे वाचलं आणि मी थेट आईला फोन लावला. तिचं माहेर मालवणचं. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावं ती आजही सख्ख्या नातेवाइकांची घ्यावीत तशी घेते. धक्क्यावर लवकर जायचं, डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, बोट लागू नये म्हणून लिंबू जवळ ठेवायचं आणि मालवणला उतरताना पडावात उडी टाकायची. मी पुस्तकातल्या ओळी मराठीत सांगत गेले आणि पलीकडून ती म्हणाली, “अगो, हिप्पी असायचे की डेकवर! आमच्याच शेजारी पथारी पसरायचे. एका पोरीने माझ्याकडचं खापरोळीचं पान पुसून खाल्लं होतं.” आई आणि ती पोर एकाच डेकवर! एक माहेरी निघालेली, दुसरी कळंगुटला. दोघींनाही कुणीतरी सांगितलं होतं, लवकर जाऊन जागा धरा. आईला आजीने, तिला एखाद्या पुस्तकाने.

पण ती पोर भाऊच्या धक्क्यापर्यंत आली कशी? विमानाने नव्हे. विमान त्या मुलांना परवडणारं नव्हतं. ती आली रस्त्याने. युरोपातून, जमिनीवरून, बस बदलत बदलत. हे कळलं आणि मी गोव्यापासून उलटी मागे मागे जात राहिले, एकेक गाव करत.

मुंबईच्या आधी दिल्लीचं पहाडगंज. त्याआधी अमृतसर, जिथे सुवर्णमंदिरात येणाऱ्या कुणालाही राहायला जागा आणि लंगरात जेवण मिळतं. कित्येकांचा भारतातला पहिला मुक्काम तोच. त्याच्या मागे वाघा, लाहोर, पेशावर आणि खैबर खिंड. पेशावरहून लंडी कोतलला जाणारी ती आगगाडी इंग्रजांनी १९२५ साली सुरू केली, वाटेत चौतीस बोगदे. खिंड ओलांडली की काबूल. तिथली चिकन स्ट्रीट म्हणजे या प्रवाशांचा बाजार, गालिचे आणि मेंढीच्या कातड्याचे भरतकाम केलेले कोट. मग कंदाहार, मग हेरात. आणि हा रस्ता तर अद्भुतच! काबूल ते कंदाहार डांबरी, तो अमेरिकेच्या पैशाने झालेला. कंदाहार ते हेरात काँक्रीटचा, तो सोव्हिएत संघाने बांधलेला. दोन महासत्ता जगभर एकमेकींवर डोळे वटारून उभ्या होत्या आणि अफगाणिस्तानात त्यांचे रस्ते एकाला एक जोडलेले होते. त्यांवरून कोण जात होतं, तर खिशात जेमतेम पैसे असलेली पोरं. हेरातमागे इराणचं मशहद, तेहरान, तब्रीझ, तुर्कस्तानच्या सीमेवर अरारात पर्वत, एर्झुरुम, आणि शेवटी इस्तंबूल.

इस्तंबूलमध्ये सुलतान अहमद मशिदीजवळ १९५७ साली चोल्पान भावांनी एक खाणावळ काढली. नाव ‘लाले’. परदेशी पोरांच्या ते लक्षात राहीना. काचेआड मांडलेल्या गोड पुडिंगवरून ती तिला ‘पुडिंग शॉप’ म्हणू लागली आणि तेच नाव जगभर झालं. तिथे एक फळा होता. पूर्वेला जाणाऱ्या गाडीत दोघांची जागा आहे, सोबत हवी आहे, अमक्या मैत्रिणीने काबूलला गाठावं, असल्या चिठ्ठ्या त्यावर टाचलेल्या असत. फोनवर बोलणं परवडत नव्हतं त्या काळात अर्ध्या खंडाच्या निरोपांची देवाणघेवाण त्या एका फळ्यावरून चालायची! १९५७ सालीच लंडनहून थेट कलकत्त्याला ‘इंडियामन’ नावाची बसही सुरू झाली. जायचं भाडं ८५ पौंड आणि प्रवास दीड महिन्याहून जास्त.

आता ही गाईडबुकं जन्माला कशी आली ते ऐका, कारण ती गोष्ट पुस्तकांपेक्षाही थरारक आहे. टोनी आणि मॉरीन व्हीलर, नुकतं लग्न झालेलं जोडपं. १९७२ मध्ये ६५ पौंडांना घेतलेली एक जुनी मिनीव्हॅन काढून दोघं लंडनहून निघाली. अफगाणिस्तानात पोचल्यावर गाडी विकली. पुढे बस, आगगाडी, मिळेल ते वाहन, आणि बालीहून एका शिडाच्या नौकेवर जागा मिळवून ऑस्ट्रेलियाचा किनारा. डिसेंबरात सिडनीला पोचली तेव्हा दोघांत मिळून २७ सेंट उरले होते! जो भेटेल तो विचारायचा, कसे आलात, किती खर्च आला? शेवटी त्यांनी घरातल्या टेबलावर बसून सगळं टाइप केलं आणि १९७३ मध्ये ‘अक्रॉस आशिया ऑन द चीप’ हे शंभराहून कमी पानांचं पुस्तक छापून घेतलं. पानं जुळवून पिना मारल्या त्याही हाताने. पहिल्या दीड हजार प्रती हातोहात संपल्या. लोनली प्लॅनेट ही कंपनी उभी राहिली ती एवढ्यावर. दोन वर्षांनी त्यांनी सिंगापूरमधल्या एका चिनी हॉटेलात मुक्काम ठोकून आग्नेय आशियाचं पुस्तक तयार केलं. त्याचं पिवळं मुखपृष्ठ प्रवाशांच्या पिढ्यांना पाठ झालं.

पण मला व्हीलर दांपत्याइतकीच भुरळ पडली आहे ती त्यांच्या थोड्या आधीच्या एका खटाटोपाची. लंडनच्या नॉटिंग हिल भागात ‘बिट’ नावाचं स्वयंसेवकांचं माहिती केंद्र होतं. भारतात जाऊन आलेले, वाटेत अडकलेले, काठमांडूला रमलेले प्रवासी तिथे पत्रं पाठवायचे. कुठली सीमा उघडी आहे, कुठे पैसे बदलताना फसवतात, कुठे आजारी पडलात तर डॉक्टर चांगला आहे. ही सगळी पत्रं एकत्र करून त्यांचं सायक्लोस्टाइल केलेलं बाड प्रवासाला निघणाऱ्यांच्या हाती देत. त्याचं काम बघणारा जेफ क्राउदर पुढे लोनली प्लॅनेटचा लेखक झाला. माझ्या हातातलं भारताचं पुस्तक लिहिणाऱ्या तिघांत तो आहे. दुसरा टोनी व्हीलर आणि तिसरे नेपाळचे प्रकाश राज. म्हणजे मी जे वाचते आहे त्याच्या मुळाशी शेकडो अनोळखी माणसांची पत्रं आहेत! मागून येणाऱ्याने खड्ड्यात पडू नये म्हणून स्वतःच्या खर्चाने तिकीट लावून पाठवलेली. मला तर ही त्या पिढीची सगळ्यांत सुंदर कामगिरी वाटते, त्यांच्या गाण्यांहून आणि कपड्यांहून कितीतरी मोठी. आपल्याकडे हिप्पी म्हटलं की गांजा आणि अंजुना एवढंच बोललं जातं. ही पत्रं लिहिणारी, रस्ता नीट नोंदवून ठेवणारी पोरं त्या बोलण्यात कुठेच नसतात.

गाईडबुक वर्तमानकाळात लिहिलेलं असतं आणि ते वर्तमानकाळातच राहतं, ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त हलवून गेली. प्रवासवर्णन लिहिणारा म्हणतो, मी गेलो, मी पाहिलं. गाईडबुक म्हणतं, जा, बस मिळते. मशहदहून सीमेपर्यंत जा, पलीकडून हेरातची गाडी मिळते. बामियानला जा, कड्यात कोरलेले दोन बुद्ध आहेत, मोठा सुमारे ५५ मीटर उंच. कड्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्या चढून थेट त्याच्या डोक्यापाशी निघता येतं, तिथून सगळं खोरं दिसतं. पुढे बंद-ए-अमीरची निळी तळी आहेत, ती चुकवू नका. १९७३ सालच्या वाचकासाठी ही साधी माहिती होती. आज ती वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. मार्च २००१ मध्ये ते दोन्ही बुद्ध सुरुंग लावून उडवले गेले. १९७९ च्या सुरुवातीला इराणमध्ये क्रांती झाली, डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात उतरलं, आणि इस्तंबूलहून अमृतसरला येणारा तो रस्ता मधोमध तुटला. कालांतराने गोव्याची बोटही बंद झाली. तेव्हाच्या पुस्तकाला यातलं काही ठाऊक नाही. ते अजून सांगतंय, वर जा, पाण्याची बाटली बरोबर घ्या.

म्हणून भाव, वेळा, खोलीचं भाडं, जे मजकुरात सगळ्यांत आधी शिळं होतं, तेच आज सगळ्यांत ताजं वाटतं. ताजमहालाचं वर्णन कुठल्याही काळात साधारण तेच असतं. पण स्वस्त खाणावळीत दही चांगलं मिळतं ही ओळ फक्त त्या एका वर्षाची असते, आणि तेवढ्या ओळीतून ते वर्ष उठून उभं राहतं.

आणि हो, आपल्या बाजूने त्या रस्त्याला कुणी गेलंच नाही असं नाही हं! १९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले, इराण आणि बगदादवरून युरोप गाठून पुढे पृथ्वीला फेरी घातली. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे १९२८ साली परत आले. हातात गाईडबुक नसताना! यांच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं.

आता माझी शोधयादी वाढत चालली आहे. बेडेकर या जर्मन प्रकाशकाने १९१४ साली भारताचं गाईडबुक काढलं होतं, फक्त जर्मनमध्ये. ते नुसतं हाताळायला मिळालं तरी चालेल. पण जिवाचा ध्यास आहे तो जॉन मरे यांच्या १८५९ सालच्या भारताच्या हँडबुकाचा, एडवर्ड ईस्टविक यांनी लिहिलेल्या. त्याचे दोन भाग, एक मद्रासचा, एक मुंबईचा, आणि त्यात इथल्या बोलीभाषांचे शब्द आणि संवादही दिलेले. १८५७ च्या धामधुमीनंतर अवघ्या दोन वर्षांत आलेलं ते पुस्तक साहेबाला आपल्या मुलखात काय विचारायला शिकवत होतं, ते मला बघायचंच आहे. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या आजोबांच्या कपाटात, गावच्या वाचनालयाच्या खालच्या फळीवर असलं काही पडलेलं असेल तर रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी मला कळवा. पानं फाटकी असली तरी हरकत नाही, मुखपृष्ठ नसलं तरी हरकत नाही. समासात कुणी काही खरडलेलं असेल तर दुधात साखर.

हिवाळ्यात मी हे १९८१ सालचं पुस्तक घेऊन अमृतसरला निघाले आहे. मुक्काम सुवर्णमंदिराच्या सराईत, जेवण लंगरात, आणि एक दिवस वाघा सीमेवर. पेन्सिलवाल्याने खुणा केलेली प्रत्येक जागा शोधायची आहे, ढेकणाच्या चित्रासकट. तीन उद्गारचिन्हांची ती गाडी अजून धावत असेल तर परतीचं तिकीट तिचंच काढणार!