डिक्कीतला धुमा

मुळा कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की सोनईच्या रस्त्यांवर उसाच्या डबल ट्रॉल्या धावू लागतात. ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचा टेप ऐकू येतो. इथे वाढलेल्या एकाला तो आवाज लहानपणी फार आवडायचा, छातीत धडधडायचं.

पण त्याचे कान तयार झाले ते हरिनाम सप्ताहात. कीर्तनाआधी मृदंगाचार्य पखवाजाच्या डाव्या अंगाला, म्हणजे धुम्याला, ओली कणीक थापायचे. थोडी काढायची, पुन्हा लावायची. कणकेच्या वजनानं चामड्याची पुडी सावकाश हलते आणि स्वर खाली उतरतो. हा खर्ज घुमतो आणि तरीही प्रत्येक थाप सुटी कळते. असा बेस त्याला गाडीत हवा होता.

वडिलांच्या जीपमध्ये कॅसेटचा डेक होता. घोडेगावच्या कांदा बाजाराला जाताना भजनातला शब्द न् शब्द कळायचा, पखवाज मात्र नुसता टकटकायचा. वीस ते ऐंशी हर्ट्झचे स्वर काढायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. लहान स्पीकरच्या आवाक्यातलं ते काम नाही.

पुढे त्यानं स्वतःची, चार मीटरच्या आतली गाडी घेतली आणि डिक्कीत 12 इंची वूफर बसवून घेतला. आवाज दणदणीत आला, पण ढोलकी काय न् पखवाज काय, सगळ्यांचा एकच घुमारा. वर नंबरप्लेटची खडखड.

मित्र म्हणाले, मोठा ॲम्प्लिफायर टाक. त्यानं आधी ॲम्पच्या अर्थिंगचा स्क्रू काढून पाहिला. खाली रंग तसाच होता! पत्रा घासून चकचकीत केला, वायर घट्ट आवळली. बॅटरीजवळ फ्यूज टाकला. हा खर्च कुणीच वाचवू नये, कारण वायर सोलली जाऊन पत्र्याला टेकली तर गाडी पेटू शकते. मग गेन उतरवला. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, डेकच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायची ती सोय. तो फुल ठेवला की आवाज फाटतो, कॉइल तापते. वरचे स्वर अडवणारा लो-पास फिल्टर 80 हर्ट्झवर आणल्यावर गायकाचा गळा डिक्कीतून येईनासा झाला.

खरी गंमत फेजच्या बटणाची. दारातल्या स्पीकरचा पडदा बाहेर येताना वूफरचा आत गेला, तर दोघं एकमेकांचा आवाज खातात. चुलतभाऊ डिक्कीशी उभा, हा स्टिअरिंगवर. "दादा, आता?" बटण 180 अंशांवर गेलं आणि मागून ढकलणारा बेस थेट डॅशबोर्डपाशी येऊन बसला.

उरला वूफरचा बॉक्स. नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित मांडलं. वूफरच्या माहितीपत्रकात आजही त्यांच्या नावाचे आकडे छापतात. त्या आकड्यांवरून गावातल्या सुतारानं 18 मिलिमीटर एमडीएफचा बंद बॉक्स बांधला, सांधे सिलिकॉननं भरले. भोकाचा बॉक्स जास्त वाजतो, हे खरं. पण लहान बंद गाडी खालचे स्वर आपणहून फुगवते, म्हणून थाप सुटी ऐकायची तर बंद बॉक्सच बरा.

आता तो मोबाईलवरून 30 ते 80 हर्ट्झचा सूर हळूहळू चढवतो आणि पत्र्यांवर हात ठेवत फिरतो. नंबरप्लेटमागे फोमची पट्टी लागली, डिक्कीत डॅम्पिंग शीट चिकटली. पन्नास हर्ट्झच्या आसपास डिक्कीची कडी अजून थरथरते. तिच्यासाठी रबर आणायचं आहे.