उपासातला केक

आंटीला क्रिकेट कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. तिच्या घरात खेळ म्हणजे हॉकी. थोरल्या भावाची जुनी स्टिक तिच्या कपाटामागे उभी असायची आणि तिला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. (अहोजाहो केलं की ती चिडायची, म्हणून इथेही एकेरीच.) तरीही २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला आमच्या टोळक्याने जो केक कापला, तो तिच्या हातचा. माझ्या डोक्यावर तिची बरीच देणी आहेत, पण त्यातलं हे जरा जास्तच जड आहे.

गिरगावात खोताच्या वाडीला लागून आमची चाळ. वाडीतल्या लाकडी जिन्यांच्या घरांत बरीच ईस्ट इंडियन कुटुंबं, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती; त्यांतलंच एक आंटीचं. घरात बोलणं मराठीच, हेल तेवढा वेगळा. आमची आई अंड्याला स्वयंपाकघरात शिरू देत नसे, त्यामुळे केकचं माझं सगळं शिक्षण आंटीच्या ओट्यापाशी झालं. दिवाळीचा फराळ घेऊन गेलेला आमचा डबा नाताळात कलकल भरून परत यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही हा दोन्ही घरांचा नियम, पण हिशेब मांडलाच तर देणं आमच्याच बाजूला निघेल.

३० मार्चला मोहालीत पाकिस्तानला हरवलं आणि सगळं रातोरात ठरलं. अंतिम सामना शनिवारी, वानखेडेवर, म्हणजे आमच्या अंगणातच. तिकिटं मिळणं शक्यच नव्हतं. ठाकुरद्वारला एका मित्राकडे मोठा टीव्ही होता, तिथे जमायचं आणि मध्यभागी वानखेडेचाच केक ठेवायचा. तो कोण करणार, हे मला न विचारताच पक्कं झालं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी आंटी चर्चमधून क्रुसाची वाट करून परतली, तेव्हा मी सामानाच्या पिशव्या घेऊन तिच्या दारात उभी. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ चालू होता. त्या काळात आंटी गोड सोडायची. चहासुद्धा बिनसाखरेचा. हे मला ठाऊक होतं, पण वर्ल्ड कपच्या धुंदीत ते ध्यानात कुणाला? तिनेही बोलून दाखवलं नाही. पदर खोचावा तसा ॲप्रन बांधला आणि म्हणाली, "काय काय आणलंस दाखव."

मी लोणी आणलं होतं, क्रीमसाठी. ते तिने बाजूला सारलं. एप्रिलच्या मुंबईत, दुपारी अडीच ते रात्रीपर्यंत, माणसांनी भरलेल्या खोलीत क्रीमचं मैदान वितळून जाईल, असं तिचं मत. वर मार्झिपान लावायचं, काजूचं. आणि खाली स्पंजही नाही, तर थाळी स्वीटच्या धर्तीवरचा रवा-नारळाचा केक, कारण मार्झिपानचं ओझं पेलायला अंग लागतं. काजूची पूड, साखर, अंड्यातला पांढरा भाग आणि गुलाबपाणी मंद आचेवर, गोळा भांडं सोडेपर्यंत हलवत राहायचं. माझा हात भरून आला की ती उलथनं घ्यायची, आणि तिचा भरून आलेला मी कधी पाहिला नाही.

तिचा ओव्हन गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणात काचेची खिडकी, उष्णता कमीजास्त करायची सोय नाही. आत थाळीवर चिमूटभर मैदा टाकायचा, तो किती वेळात बदामी होतो त्यावरून अंदाज. चव मात्र मला घ्यायला लावली. "साखर कचकचते? मीठ लागतंय?" मी सांगायची आणि ती माझ्या जिभेवर विसंबून हात चालवायची. केक झाला की नाही हे तिने झाकण उघडून, कान जवळ नेऊन ठरवलं. "कुरकुरायचा थांबला की झाला," म्हणाली. आजही मी सुरी खुपसण्याआधी कान लावते.

मित्रांची ढवळाढवळ वेगळीच. आमच्यातला सिव्हिल इंजिनिअर आलेख कागद घेऊन आला. मैदानाची रुंदी सुमारे दीडशे यार्ड, खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे दहा इंची केकवर ती जेमतेम दीड इंच. बाकीच्यांना ऐसपैस खेळपट्टी हवी होती. वाद पेटला तेव्हा आंटी म्हणाली, "बाय, ह्यो कापायचा हाय की मोजायचा?" तरी इंजिनिअरचंच खरं झालं. भाजलेल्या रव्याची दीड इंची खेळपट्टी, तुटक्या टूथपिकचे स्टंप, आणि भोवती दोन छटांच्या हिरव्या मार्झिपानचे आडवे पट्टे, नुकतं गवत कापल्यासारखे.

कुणाला तरी त्यावर '१००' लिहून हवं होतं. १२ मार्चला नागपुरात सचिनचं नव्याण्णवावं आंतरराष्ट्रीय शतक झालं होतं. आंटीने ठाम नकार दिला: "जन्मायच्या आधी बारसं नको."

दुसऱ्या दिवशी सचिन १८ वर गेला. त्याआधी सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर. २७५ करायचे आणि ३१ ला दोन बाद. केक टीव्हीशेजारी तसाच. जिंकल्याशिवाय सुरी लावायची नाही आणि बसलेल्याने जागा सोडायची नाही, हे कुणी न बोलताच ठरलेलं. गंभीर ९७ वर बाद झाला तेव्हा एकजण खुर्चीत आखडून गेला होता, पण उठला नाही. धोनीने कुलसेकराला षटकार मारला तोवर रात्रीचे अकरा वाजत आलेले, आणि मार्झिपानला एक थेंब घाम नव्हता.

गिरगावच्या रस्त्यावरून वाट काढत आंटीचा वाटा घेऊन गेले. फटाक्यांनी ती जागीच होती. "जिंकले? बरं झालं. आता झोपू द्या," म्हणत तिने तो तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की शुक्रवारी रात्री इतका वेळ ती साखरेत हात घालून उभी होती ती कोणासाठी.

२४ एप्रिलला ईस्टर. मिस्सा आटोपून आलेल्या आंटीने फॉइल सोडलं, तुकडा बराच वेळ चावला.

"रवा कच्चट लागतोय," ती म्हणाली. "जिभेवर तू होतीस ना? मग सांगितलं का नाहीस?"

आणि माझ्या हातात ईस्टरच्या मिठाईचा डबा दिला.